कानामागच्या ताई

मोताळ्यात ताईंच्या पार्लरला फेशियल करायला किंवा केस काळे करायला गेलेल्या बाईच्या तोंडाला ताई पहिल्या दिवशी हातच लावायच्या नाहीत. जे लावायचं त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका कानामागे लावायच्या आणि घरी पाठवायच्या. "परवा या. खाजलं, लाल झालं त मले दाखवा." बाजाराच्या दिवशी खेड्यावरून एसटीने धक्के खात आलेली बाई यावर जे बोलायची, ते इथे लिहिता येत नाही. गावाने त्यांना 'कानामागच्या ताई' हे नाव ठेवलं आणि निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत गेली. तिथे एका बैठकीत सगळं उरकायचं.

माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान त्यांना लागून. मालकाने एकाच गाळ्यात मध्ये प्लायवूड ठोकून दोन दुकानं केली होती. ते इतकं पातळ होतं की त्याला कान लावायची गरज नव्हती. तरी माझी खुर्ची मी त्याच बाजूला ठेवली होती. काम कमी असलं की माणसाला काहीतरी छंद लागतो.

एक दिवस ताई म्हणाल्या, "भाऊ, एक फारम बनवून द्या. दमा हाय का, फिट येते का, आंधी कशानं सुजलं होतं का, असं सारं पायजे त्याच्यात. खाली सही." मी तासाभरात फॉर्म दिला. त्याचं असं की ठिबक सिंचनाच्या अर्जाचा नमुना माझ्याकडे तयार होता. त्यातच वर 'फेशियल' घातलं आणि मध्ये ताईंचे प्रश्न कोंबले. मग काही दिवस मोताळ्यातल्या बायका फेशियलच्या आधी गट नंबर आणि विहिरीची खोली भरून देत होत्या. एकीनेही तक्रार केली नाही. एक तर सातबारा जोडून गेली. तो माझ्यासमोर ठेवून ताई म्हणाल्या, "भाऊ, इच्या तोंडाले ठिबक बसवू का तुषार?"

गट नंबर मी काढला, पण कुठल्याशा शाळेच्या अर्जातून आलेली 'पालकाची सही' राहूनच गेली. ताईंना खरा घोर त्याच ओळीचा होता. खुर्चीत नवरी बसायची आणि उत्तरं तिची आई द्यायची. लग्न झालेली असली तर सासू. सगळ्याला 'नाही'. लग्न ठरलेल्या मुलीला आजार असतोच कसा? आणि लिहिलं, तर तो कागद उद्या कोणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. ताईंनी माझ्या शेजारी बसून फॉर्म पुन्हा करून घेतला. आजाराचे सगळे रकाने काढले. एकच ओळ ठेवली : 'मला एकटीला विचारलं, मी सांगितलं, माझी हरकत नाही.' खाली फक्त जिच्या अंगाला लावायचं तिची सही. आईची रवानगी बाहेरच्या बाकावर. "तोंड इचं हाय नं? मंग इलेच बोलू द्या."

मी म्हणालो, "ताई, आजार लिहून नाही ठेवला तर उद्या तुमच्यावर येईल."

"माह्यं काय जाते, दुकान जाईन. तिचं घर जाते, भाऊ."

एकदा एका आजीबाईंनी सांगितलेल्या वयावर मी अलीकडून फसकन हसलो. दुसऱ्या दिवसापासून ताई प्रश्न विचारायच्या आधी केस वाळवायचा ड्रायर चालू करून ठेवायला लागल्या. माझी करमणूक बंद झाली.

म्हणून त्या दिवशी लाईट गेली नसती, तर मला काहीच कळलं नसतं. जवळच्या खेड्यातली मुलगी, सोनाळ्याला दिलेली, लग्न चार दिवसांवर. ऐन विशीत निम्मे केस पांढरे, आणि हे सोनाळ्याला माहीत नव्हतं. कानामागे ठिपका लावून घेऊन ती परत आली होती.

"फोड आले व बाई इथं," ताई म्हणाल्या. "आंधी झालं होतं का असं?"

बारीक आवाज आला, "पाहाले येनार होते तवा लावलं होतं. डोये सुजून बंद झाले. श्वास कोंडला होता."

"परवा काऊन नाई सांगितलं?"

"मायनं सांगितलं, बोलू नको."

ताईंनी आईला आत बोलावलं. केस रंगवायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "मी खोपा घालून देते, वरून गजरा, डोईवर पदर. एक पांढरा केस दिसनार नाई."

"जलमभर खोपा घालून झोपन का थे?" आई म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली.

घरी मुलीच्या मावशीने पुडी आणून केस रंगवले. हळदीच्या दिवशी मुलीचं तोंड सुजलं, श्वास घेता येईना, तशीच तिला बुलढाण्याला दवाखान्यात नेली. ती वाचली. लग्न आठवड्याने झालं. आईने सोनाळ्याच्या पाहुण्यांना सांगितलं की मोताळ्याच्या पार्लरवालीने कानामागे काहीतरी लावलं, तिथून विष पसरलं. दाखवायला कानामागचे फोड होतेच.

मुलीचा मामा आणि नवऱ्याकडची माणसं आली. आरसा फुटला, बोर्ड खाली आला. "लिहून घेतं नं तू सारं? दाखव." ताईंनी फॉर्म दाखवला. त्यात एक ओळ आणि मुलीची सही, बाकी कोरं. मी मध्ये घुसलो. मी तोंड उघडलं की काहीतरी बिघडतं असा माझा लौकिक. त्या दिवशी कधी नव्हे ते कामाचं बोलणार होतो. ताईंनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुमचं गिऱ्हाईक थांबलं. जा."

कोणीही थांबलं नव्हतं. मी गेलो.

संध्याकाळी काचा गोळा करताना त्या प्लायवूडपलीकडून म्हणाल्या, "तुम्ही बोलले त थे पोरगी उद्या मायच्या दारात उभी राहीन. कोनालेच सांगू नका."

मी नाही सांगितलं. पण गप्प बसणं हेसुद्धा शिकून घ्यावं लागतं. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, "काय लावलं होतं बे तिनं?" की मी खोकायचो, सोयाबीनच्या भावाकडे वळायचो, चहा अंगावर सांडायचो. माझा तो अवतार बघूनच लोकांनी ओळखलं की बाईने नक्की काहीतरी केलंय. ताई महिनाभर रिकामं दुकान उघडून बसल्या. मग खामगावला भावाकडे गेल्या.

केस काही वाढायचे थांबत नाहीत. वर्षाच्या आत सोनाळ्याला कळलं, आणि मुलगी मायच्या दारात आली ती कायमची. एकदा बाजारात मला ती दिसली. उघडं डोकं, पांढरे केस तसेच, भाजी निवडत होती.

मी एसटी धरून खामगावला गेलो. ताई एका टेलरच्या दुकानात ब्लाऊजला हुक लावत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. सुई कापडातच राहिली.

"आता काय लावते थे?"

"काहीच नाही. पांढरेच ठेवते."

"श्वासाचं बरं हाय?"

"बरी दिसली."

त्यांनी हुक पुरा केला, दाताने दोरा तोडला. "मंग आता सांगा, कोनाले सांगायचं थे."

परत आलो तो थेट टपरीवर. ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं होतं तो तिथेच बसला होता. म्हटलं, "थ्या कानामागच्या ताईचं खरं काय झालं, मालूम हाय का तुले?"

"हाव नं," तो म्हणाला. "थेच नं, जिनं थ्या पोरीचे केस पांढरे केले?"