दादा आज मालकाच्या सहीशिवाय घरी आला

मंडळी, आज दुपारी आमच्या अंजूरच्या घरात जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा दादा आखातातल्या एका देशात क्रेन चालवतो. आधी तिथून सुट्टीवर यायचं तर मालकाची लेखी परवानगी लागायची. बाबा गेले तेव्हा मालक परदेशात होता, सही मिळाली नाही. दादाने बाबांचं शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं.

आता तिथला नियम बदललाय, देश सोडायला ती सही लागत नाही. उद्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणून दादा आज आला.

आईने त्याचा चेहरा चाचपला आणि घाबरून विचारलं, "मालक रागावणार न्हाय ना रे?"

"न्हाय गं आई. आता घरी यायला त्याला विचारावं लागत न्हाय."

मग तो बाबांच्या फोटोसमोर बसला. "बाबा, उशीर झाला," एवढंच बोलला आणि हमसून हमसून रडला. आईने त्याला गप्प केलं नाही. नुसती पाठीवर हात फिरवत बसली.

तुमचं कोणी आहे का तिकडे? त्यांच्या देशातला नियम बदललाय का, हे त्यांना कोणी सांगितलंय का? आज फोन करून विचाराल?