जोगळेकरांच्या एल्कची सोय

ज्या जनावराला ऑफिसातल्या एकानंही पाहिलेलं नाही, त्याच्या खाण्याची सोय बघायचं काम अंगावर आलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात!

सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात आम्ही सॅटेलाइटचे फोटो बघून अमेरिकेतले एल्क कुठे चरतील ते शोधायचो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचं थोरलं भावंड. आमचे टीम लीड जोगळेकर, अस्सल पुणेकर. "आधी जनावर समजून घ्या!" म्हणत सगळ्यांना प्राणिसंग्रहालयात घेऊन गेले. तिथे एल्क नव्हताच. जोगळेकर जिराफासमोर थांबले. "पालाच खातो ना? मग चालेल!"

*

आमच्या फोटोंत हिरवळ लालभडक दिसते. एकदा जोगळेकरवहिनी विसरलेला डबा द्यायला आल्या आणि स्क्रीन बघून दारातच थबकल्या. "अगंबाई! एवढा वणवा पेटलाय आणि तुम्ही चहा काय पिताय?"

जोगळेकरांनी त्यांना इन्फ्रारेड समजावून सांगितलं. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग हिरवंच रंगवा की!"

*

सिंगापूरच्या फोटोत पांढरं दिसलं की तो ढगच, ही आमची सवय. जोगळेकरांनी प्रोग्रामच तसा लिहिला होता, पांढरं दिसलं की पुसून टाक! हिवाळ्याचा नकाशा पाठवला आणि अमेरिकेहून क्लायंटचा, डेव्हिडचा, फोन आला.

"नकाशा छान आहे. पण आमचा बर्फ कुठे गेला?"

*

यानंतर मात्र जोगळेकरांचं धाबं दणाणलं. डेव्हिडनं शेवटची संधी दिली होती. काम गेलं की जोगळेकरांचा इथे नोकरी करायचा पास रिन्यू होणार नाही, टॅम्पिनीसचा फ्लॅट सोडून पुण्याला परत. लेक सई सहावीत, म्हणजे इथल्या शाळांतल्या ऐन मोठ्या परीक्षेचं वर्ष. तिनं अस्सल सिंगापुरी इंग्रजीत निकालच देऊन टाकला, "बाबा, धिस इयर कॅनॉट लाह!" हे सांगताना जोगळेकर हसले खरे, पण मला फार वाईट वाटलं.

*

नव्या नकाशाचं प्रेझेंटेशन व्हिडिओ कॉलवर. आमच्याकडे सकाळ, डेव्हिडकडे आदल्या दिवशीची दुपार. एल्कला चरायला सगळ्यात उत्तम जागा म्हणून प्रोग्रामनं एकच गडद ठिपका दाखवला होता. डेव्हिड म्हणाला, "झूम करा."

केलं. कुंपण दिसलं, छप्पर दिसलं.

"हे माझं घर आहे," डेव्हिड म्हणाला.

जोगळेकरांचा चेहरा पांढराफटक! डेव्हिड वैतागून उठला. "माझ्या परसात एल्क? थांबा, दाखवतोच तुम्हाला!" त्यानं खिडकीचा पडदा ओढला आणि लॅपटॉप तिकडे वळवला.

बाहेर बर्फात, ही एवढाली शिंगं घेऊन, एल्कचा अख्खा कळप त्याच्या घोड्यांचं गवत निवांत खात उभा होता!

डेव्हिड आधी ओरडला, मग पोट धरून हसत सुटला. "मान्य! पुढच्या वर्षीचं कामही तुमचंच!"

पण जोगळेकरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते उठून उभे राहिले, स्क्रीनसमोर हात जोडले आणि म्हणाले,

"सावकाश होऊ द्या, मंडळी!"