वरच्या खोलीतला आजारी मासा

हिंगोलीत खाऱ्या पाण्यातला मासा पाळणारा माणूस एक तर वेडा असणार, नाही तर दातांचा डॉक्टर. मी दोन्ही आहे असं माझी बायको सांगते आणि मी वाद घालत नाही. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. खाली दवाखाना, वर घर. खुर्चीवर बसायची पाळी येईपर्यंत पेशंटचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्यांना बघायला काही तरी असावं असं माझ्या डोक्यात शिरलं. मुंबईच्या एका मित्राला गळ घातली. त्याने मोठी काचेची टाकी, समुद्राचं पाणी बनवायचं मीठ आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे थर्माकोलच्या खोक्यात घालून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवून दिले.

लोक दात दाखवायला कमी आणि मासे बघायला जास्त येऊ लागले. "डॉक्टर, एवढ्या मिठात ह्याचं लोणचं न्हाई का होत?" असं विचारणारे रोज भेटायचे. कयाधू नदीच्या काठच्या माणसांना समुद्र समजावून सांगता सांगता माझंच तोंड दुखायचं.

घरात मात्र मासे आले त्याच दिवशी रामायण झालं. माझी आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला नरसीच्या देवळात जाणं कधी चुकलं नाही, आणि अंड्याचं टरफलसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं. वडील गेल्यापासून तिच्या गळ्यात दुसरं काही नसायचं, ती माळ तेवढी. तिने टाकी बघितली, मासे बघितले, आणि मला विचारलं, "खायला आणले का रे?"

"आई, पाळायला आणलेत."

"मासे पाळून काय करतेत? दूध देतेत का?"

शेवटी तह झाला. मासे खाली राहतील, त्यांचं खाणंपिणंही खालीच. इसापूरच्या धरणातले ताजे झिंगे बाजारात मिळायचे. ते मी दवाखान्यामागच्या मोरीत सोलायचो, चिरायचो, आणि हात साबणाने खसाखसा धुवूनच जिना चढायचो. आई तरीही नाकाला पदर लावायची, पण बोलायची नाही.

उन्हाळ्यात एका माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. रव्याचे कण चिकटावेत तसे. मला कळायच्या आत तो उताणा झाला. दुसऱ्याच्या अंगावरही तेच दिसल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. मित्राला फोन लावला. तो म्हणाला, ह्याला ताबडतोब वेगळ्या टाकीत काढ आणि तांब्याचं औषध सुरू कर. मोठ्या टाकीत औषध घालू नकोस, तिथे शेवाळ खायला सोडलेले शंख मरतील.

वेगळी टाकी ठेवायची कुठे? खाली दातांच्या मशीनच्या कंप्रेसरचा धडधडाट. इन्व्हर्टरची लाइन वर एकाच खोलीत होती, स्वयंपाकघराला लागून. तेव्हा लोडशेडिंग असं होतं की वीज आली की लोकांना नवल वाटायचं, आणि मोठ्या टाकीचं निभायचं, पण एवढ्याशा टाकीत पंप बंद पडला की माशाचा श्वास बंद. मी भीत भीत आईला विचारलं.

"आजारी हाय ना? मग ठेव की," ती म्हणाली. "पर ते झिंगे-बिंगे वर न्हाई आणायचे. सांगून ठेवते."

मी शब्द दिला. मग तिला सगळं समजावलं. ह्या टाकीचा मग वेगळा, जाळी वेगळी, इथलं काही खालच्या टाकीला लावायचं नाही, हात लावला की धुवायचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोवळं म्हण की सरळ. मघापासून काय लावलंय?" मी डोक्याला हात लावला.

औषधाने ठिपके कमी होऊ लागले, पण माशाची भूक मेली. मित्राने पाठवलेले कोरडे दाणे तो तोंडात घ्यायचा आणि थू करून टाकायचा. प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा लपायला ठेवला होता, त्यात तोंड घालून पडून राहायचा. त्याचं पोट खपाटीला गेलं. मित्र म्हणाला, "झिंगा अगदी बारीक चिर, लसणाच्या रसात भिजव आणि दे. वासाने खाईल. नाही तर औषधाने वाचेल आणि उपासाने जाईल." मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला. आई शेजारीच भाकरी थापत होती. तिच्या कानावर सगळं गेलं असणार, पण मी विषय काढला नाही. शब्द म्हणजे शब्द.

तेवढ्यात नांदेडहून निरोप आला. सासऱ्यांच्या पोटाचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं. बायको आधीच तिथे होती, मलाही जावं लागलं. आईला पाणी बदलायचं शिकवलं, मिठाचं पाणी कळशीत बनवून ठेवलं. इन्व्हर्टर दमला तर मगाने पाणी घेऊन उंचावरून परत टाकीत सोडत राहा, म्हणजे त्याला श्वास घेता येईल, असं सांगितलं आणि निघालो.

तिथून रोज फोन करायचो. पहिला प्रश्न आईचाच असायचा, सासऱ्यांविषयी. दुसरंही तीच सांगायची. "तुझं लेकरू खाऊन न्हाई राहिलं."

एक दिवस म्हणाली, "आज आडवं पडून राहिलंय रे. एका कुशीवर."

मी नांदेडच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभा होतो. सासऱ्यांचे टाके पिकून ताप भरला होता, मला दोन दिवस झोप नव्हती. मी वैतागून म्हणालो, "अगं आई, सोड आता. गेला तर गेला. मोगऱ्याच्या मुळाशी पुरून टाक."

तिकडून फोन कट झाला. मला वाटलं, लाइन गेली असेल.

सासऱ्यांचा ताप उतरल्यावर मी हिंगोलीला परतलो. एसटी स्टँडवर ऑटोत बसलो तर ऑटोवाले चाचा, माझे जुने पेशंट, आरशातून बघत म्हणाले, "डॉक्टरसाब, अम्मा को परसों मच्छी बाजार में देखा."

मी हसलो. "कोई और होगी, चाचा. आमची आई त्या गल्लीतून सुद्धा जात नाही."

"मैं अम्मा को नहीं पहचानता क्या?" चाचांना राग आला. "झिंगे लिये उन्होंने. मैं ही घर छोडा."

मला वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे गेले. मोतीबिंदूचं कुणाला तरी दाखवा म्हणून सांगावं, असं ठरवत मी घरासमोर उतरलो.

जिना चढताना वास आला. कच्च्या झिंग्यांचा आणि लसणाचा. आमच्या घरात, वरच्या मजल्यावर! मी तिथेच थबकलो. काय समजावं काही कळेना. आत गेलो तर वीज नव्हती, इन्व्हर्टरही दमलेला. आई टाकीशेजारी पाटावर बसलेली. एका हातात मग, पाणी उंचावरून टाकीत सोडत होती. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत पांढरा कण. आणि तो मासा, जो मी मेला म्हणून सोडून दिला होता, पाण्याच्या वर तोंड काढून तिच्या बोटांतून तो कण ओढून घेत होता.

पण मी मासा बघतच नव्हतो. आईचा गळा मोकळा होता.

माळकरी माणसाच्या गळ्यातली माळ मेल्यावरच निघते, आमच्याकडे असंच मानतात. झोपताना नाही, आंघोळीला नाही, दवाखान्यात भरती झाली तेव्हाही तिने नर्सला हात लावू दिला नव्हता. "आई, माळ कुठंय? तुटली का?"

"देवापाशी ठेवली," ती म्हणाली. "म्याच उतरवली. माळ घालून झिंग्याला हात कसा लावावा?"

"एका माशापायी?" माझा आवाज चढला. खरं सांगतो, मी ओरडलो. "एवढी वर्षं घातलेली माळ? एका टीचभर माशापायी? मी सांगितलं होतं ना, पुरून टाक म्हणून!"

"वरडू नको. ते घाबरून राहिलं." तिने आणखी एक कण पाण्यात धरला. "तू म्हणला, गेला तर गेला. तुझे बाबा बी असंच म्हणले होते."

मला काहीच उमगलं नाही. "कुणाला?"

"तुझ्या बहिणीला."

माझ्याआधी एक मुलगी झाली होती आणि तापाने गेली, एवढंच मला ठाऊक होतं. घरात तिचा विषय कधी निघाला नाही. आई टाकीकडे बघत सांगत राहिली. तेव्हा ते डोंगरकडा ह्या गावी राहायचे. पोरीचा ताप गेला, पण अन्न जाईना. वाळून काडी झाली. डॉक्टर म्हणाला, अंडं द्या, बकऱ्याच्या पायाचं सूप द्या, अंगात ताकद नाही हिच्या. वडील माळकरी, आजी माळकरी, आईच्या गळ्यात लग्नातच माळ घातलेली. माळेच्या घरात अंडं शिजणार नाही म्हणाले. देवाच्या मनात असेल तर जगेल, गेली तर गेली.

"आणि तू?" मी विचारलं.

"म्या बी तेच म्हणलं," आई म्हणाली. "सासूच्या धाकानं न्हाई रे. मला बी तेच बराबर वाटलं तवा. लई कडक होते मी. ती माझ्या मांडीवर असंच तोंड उघडायची, आन् मी तिला पेज पाजायची. ती थुंकून टाकायची."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. चाळिशीच्या घरात पोचलेला माणूस मी, आणि माझ्या घरात काय झालं होतं ते मला माशाच्या टाकीपाशी बसून कळत होतं. बाहेर कुणी तरी दवाखान्याची बेल वाजवत होतं. मी उठलो नाही.

वीज आली. पंप बुडबुडायला लागला. आईने मग खाली ठेवला, पदराला नव्हे, वेगळ्या फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे वळली.

"तू डॉक्टर हायस. खरं सांग. अंडं दिलं असतं तर जगली असती का ती?"

मी दातांचा डॉक्टर. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणी मोठा डॉक्टर लागत नव्हता.

"नाही, आई," मी म्हणालो. "तापच वाईट होता तो. अंड्याने काही झालं नसतं."

तिने टाकीकडे बोट केलं.

"मग ह्यो कसा वाचला रे?"