होर्टीकरांची तळी

जगात जिथं कुठं एखादा होर्टीकर नाव कमावत असेल, तो आपल्याच खानदानातला, याबद्दल आमच्या आतोबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नळदुर्गात त्यांचं कापडाचं दुकान. भाऊ लहानपणीच साथीत गेलेले, पोटी मूल नाही. होर्टीकर म्हणून उरले ते एकटेच. त्यामुळं सोलापूरचं वर्तमानपत्र आलं की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ते आधी आपली माणसं शोधत. मुंबईकडं एक होर्टीकर क्रिकेट खेळायचा, कोल्हापूरकडं एक कुस्त्या मारायचा आणि पुण्यात एक कविता करायचा. ओळख एकाशीही नाही! क्रिकेटवाल्यानं शतक ठोकलं की दुकानात पेढे. पैलवान चीतपट झाला तेव्हा मात्र आतोबा भरदुपारी डोक्यावरून अंघोळ करून आले. आत्या घाबरून म्हणाली, "अवं, कोण गेलं?"

"गेलं न्हाय, पडलं," आतोबा म्हणाले, "पण घरातलंच हाय."

खरी पंचाईत चंपाषष्ठीला व्हायची. खंडोबाची तळी उचलायला घरचे पाच पुरुष हवेत, आणि घरात पुरुष म्हणाल तर आतोबा. मग मला आणि शेजाऱ्यांना ताम्हणाभोवती बसवून ते आमची वाटणी करत. "तू क्रिकेटवाला, तू पैलवान." मी दरवर्षी कवी, आयुष्यात दोन ओळी जुळवल्या नाहीत, तरी कवी. "घट्ट धरा, होर्टीकरांची तळी हाय," असं ते प्रत्येकाला बजावायचे.

एका वर्षी नेमके चंपाषष्ठीलाच ते कवी व्याख्यानाला नळदुर्गात आले. आतोबांनी त्यांना जवळजवळ उचलूनच घरी आणलं. मी आनंदानं जागा सोडली. कवी मात्र अवघडून म्हणाले, "मला हात लावता येणार नाही. होर्टीकर हे मी कवितेसाठी घेतलेलं नाव. खरं आडनाव निराळं आहे."

आतोबांचा चेहरा पार उतरला. मग त्यांनी चिमूटभर भंडारा घेऊन कवींच्या कपाळाला लावला.

"आमी जन्मलो म्हणून होर्टीकर. त्यात आमचं काय कौतुक? तुमी तर आपणहून घरात आलात. धरा तळी."

कवींनी ताम्हणाला हात लावला.

आतोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आमच्या घरी तळीला हात भरपूर आहेत, सगळे एकाच आडनावाचे. तरी 'येळकोट' म्हणताना आतोबांची फार आठवण येते, आणि तेवढ्यापुरता मी होर्टीकर होऊन तळी उचलतो.