काढता येणारा सांधा

आर्णीच्या त्या घरात माझ्या सांडपाण्याला स्वतंत्र पाइप होता. इतका मान मला पुढे कुठे मिळाला नाही.

छप्पनच्या दीक्षेनंतर काही वर्षांनी मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला गेले. आमच्या लोकांच्या वस्तीत जागा मिळाली असती. पण मास्तरीणबाईंना खोली द्यायची म्हणजे एखादं कुटुंब अंगणात झोपणार, हे दिसत होतं. गावात दुसरं कुणी ठेवून घेईना. तेव्हा शाळेच्या समितीवरचे एक मोठे शेतकरी पुढे आले आणि त्यांनी आपल्या घराची माडीवरची मागची खोली मला भाड्यानं दिली. जिना वेगळा, मागच्या गल्लीतून. मोरीचा बिडाचा पाइपही वेगळा, भिंतीवरून उतरून त्याच गल्लीत सांडणारा. घरच्यांच्या मोरीचं पाणी अंगणातून पुढच्या रस्त्याकडे जायचं. दोन्ही पाण्यांचा रंग एकच होता, राखाडी. वरून मला दोन्ही दिसत.

मालक वाईट नव्हते. सव्वीस जानेवारीला शाळेत भाषण करताना ते म्हणत, "समता बोलून होत नसते, करा लागते. या बाई माझ्या घरी राहतात!" टाळ्या पडत. मीही वाजवत असे. शिक्षकांच्या रांगेत बसून न वाजवणं फार उठून दिसतं.

शाळा सुटली की जिना चढायचा, कडी लावायची, कंदील पुसायचा. यवतमाळहून आणलेली पुस्तकं होती. ती मी कधीकधी मोठ्यानं वाचत असे. लेखकाला ऐकू जावं म्हणून नव्हे, खोलीत कुणीतरी बोलावं म्हणून. सुट्टी लागून आली की मधेच लक्षात यायचं, शाळेची शेवटची घंटा झाल्यापासून आपण कुणाशी एक शब्द बोललो नाही.

मग गावात पक्की नाली झाली. तिचं उद्घाटन झालं. बाहेरगावचे पाहुणे आले, नारळ फुटला, फीत कापली गेली, आणि नालीला हार घालता येत नाही म्हणून तो पाहुण्यांना घातला. त्याबरोबर नियम आला: प्रत्येक घराचं पाणी एकाच तोंडानं नालीत सोडायचं, गल्लीत थेंब सांडायचा नाही. म्हणजे माझा पाइप घरच्या पाइपला जोडायचा, नाहीतर माझी मोरी बंद. मोरी बंद म्हणजे खोली बंद. मालक विचार करू लागले. मी पुस्तकांचा गठ्ठा बांधून ठेवला, आणि त्यातलं एक वाचावंसं वाटलं की सोडून पुन्हा बांधत बसले.

शेवटी कापसाच्या जिनिंगमधला मिस्त्री आला. घरच्या पाइपात त्यानं तीन तोंडांचा एक तुकडा बसवला आणि तिथले सांधे तागाची दोरी ठासून, वरून वितळलेलं शिसं ओतून पक्के केले. तिसरं तोंड माझ्या पाइपासाठी होतं. शेगडीवर शिसं अजून पातळ होतं. मी जिन्याच्या कठड्याशी उभी होते.

"इथंबी ओतून टाकतो, मालक. तुमच्या नातवापर्यंत हालत नाई."

"थांब. ओतू नको."

"काहून?"

"उद्या काढा लागलं तर?"

"कायले काढता? पाइप का माहेरी जाते का?"

"तुले सांगतलं तेवढं कर ना बाबा. काढता आलं पाह्यजे."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच शेगडीकडे. मग त्यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा कापला, दोन्ही पाइपांची टोकं समोरासमोर टेकवली, त्यावर रबर गुंडाळलं आणि दोन लोखंडी पट्ट्या नटबोल्टनं आवळल्या. काम सुबक झालं. थेंब गळत नव्हता. मी गठ्ठा सोडून पुस्तकं फळीवर लावली. बोल्टवर का होईना, खोली राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत तोंड धुताना मला बांगड्या ऐकू आल्या. खालच्या मोरीतला आवाज पाइपातून थेट वर येत होता. भांडी, राखेची खसखस, मालकीणबाई आणि त्यांची धाकटी जाऊ. कोणाची म्हैस आटली, कोणाची सून रुसली, कळंबच्या चिंतामणीला कोण कोणाबरोबर गेलतं, सगळं. चोरून ऐकणं वाईट, हे मी मुलींना शिकवत होते. पण मोरी माझीच होती आणि कान धुवायला तर बसावंच लागतं. संध्याकाळचं मोठ्यानं वाचन हळूहळू थांबलं.

पुढच्या थंडीत मला ताप आला. मी पडून होते. दुपारी खालून आवाज आला.

"वरून पाणी नाई आलं वं कालपासून."

"गावाला गेल्या असतील."

"नाई. खोकून राह्यल्या. आयक."

खालची भांडी थांबली. माझं पाणी आलं नाही हे जगात कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. मी खोकला दाबला, मग वाटलं कशाला, आणि खोकले.

थोड्या वेळानं जिन्याच्या पायरीवर पितळेची कल्हईची वाटी होती, कढीनं भरलेली. हाक नव्हती, माणूस नव्हतं. बरं वाटल्यावर मी वाटी घासून त्याच पायरीवर ठेवली. ती तिथेच राहिली. तिच्यात धूळ साचली, एक दिवस चिमणी बसली. मी ती वर आणली. पुढे घरात काही वेगळं केलं की मालकीणबाई गल्लीतून हाक मारत, "बाई, वाटी ठेवा पायरीवर!" आणि उंचावरून वाढत. पातेलं वाटीला लागणार नाही, याची काळजी घेत. वाढताना मात्र हात सैल असे, वाटी काठोकाठ भरे.

उन्हाळ्यात रबर तडकलं. सांध्याखाली भिंतीवर ओल आली. मालक अंगणातून ओरडले.

"बाई, तुमचं पाणी गळून राह्यलं!"

मी वाकून पाहिलं. ओल तिन्ही तोंडं मिळतात तिथे होती.

"माझं आहे हे कसं ओळखलंत?"

घरातून कुणीतरी हसलं. पाइपातून ते मला दुसऱ्यांदा ऐकू आलं.

मालक हसले नाहीत. दोनेक आठवड्यांनी जिन्याच्या तळाशी उभे राहून म्हणाले, "बाई, धाकट्या भावाचं लगन ठरून राह्यलं. खोली लागते घरात." त्यांचा आवाज भाषणातल्यासारखाच होता. त्या खोलीत पुढे सरकी भरली, असं एका विद्यार्थिनीनं सांगितलं. मी महागावला बदली मागून घेतली.

मी निघाले त्या दुपारीच मिस्त्री आला. दोन बोल्ट सैल केले, रबर सोललं, तिसऱ्या तोंडात लाकडी बूच ठोकलं. त्याच्यासाठी आलेला चहा निवला नव्हता. काढता येईल असा सांधा सांगितला होता, आणि तो तसाच निघाला.

सामान बैलगाडीत चढलं. मी वाटी घासून पायरीवर ठेवली. मालकीणबाई गल्लीत आल्या. मालक पुढच्या दारी गाडीवानाला रस्ता सांगत होते. मालकीणबाईंनी वाकून वाटी उचलली, सरळ हातानं, पदर न गुंडाळता.

"जेवत जा वेळेवर," त्या म्हणाल्या, आणि वाटी घेऊन आत गेल्या.

मी काही विसरलं का पाहायला म्हणून पुन्हा वर गेले. मोरीपाशी उभी राहिले. ती वाटी मांडणीवर इतर वाट्यांत गेली, की शुद्ध व्हायला विस्तवात, हे आवाजावरून मला नक्की ओळखता आलं असतं. मोरीच्या भोकातून आता गल्लीतला वारा तेवढा येत होता.