साडेसात-सोळाचे टायर

टायरचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. घरचे म्हणतात, "झालं, निघाली यांची जीप जतहून!" निघणारच! बहात्तरच्या दुष्काळात मी जतला गुरांच्या दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होतो. त्या एका जीपच्या टायरपायी एवढे किस्से साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्ये घुसतो. ऐकणारे हसतात. मला मात्र अजून संताप येतो, कारण त्या टायरपायी आमच्या पाटणकर डॉक्टरांसारख्या सरळ माणसाला लबाड ठरवायला निघाले होते!

*

जतपासून वीस मैलांवर धनगरांची एक वस्ती होती. वाटेत वाळूचा रुंद ओढा, पुढे नुसती दगडांची चढण. मेंढ्यांत देवीची साथ पसरलेली. बर्फाच्या पेटीत लस घालून दर आठवड्याला डॉक्टर आणि मी निघायचो आणि दगड गाडीच्या पोटाला लागून अडकून बसायचो. इकडे बर्फ वितळतोय, तिकडे मेंढ्या मरतायत, आणि मधे आम्ही दोघं जीपखाली उताणे!

जतला फौजेतून परत आलेल्या एका हवालदारांचं गॅरेज होतं. त्यांनी स्प्रिंगांत जादा पाटे घालून जीप तीन इंच उचलून दिली आणि म्हणाले, "आता टायर मोठं घाला. न्हाईतर ह्याचा काय उपेग न्हाई."

सांगलीचे मोठे साहेब पाहणीला आले होते. ते कडाडले, "गाडी उंच केली ना? मग टायर कशाला?"

हवालदार जीपखाली गेले आणि दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्यावर पाना आपटून म्हणाले, "सायेब, वरची गाडी उचलली. ह्यो गोळा हाय तितंच हाय. धोतार वर खोचलं म्हणून पायातली चप्पल भिजायची ऱ्हाती व्हय?"

साहेबांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि टायर मागवायला तोंडी परवानगी दिली.

*

आता माप कुठलं? जतमध्ये ज्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती तोही सल्ला द्यायला लागला! चहावाला म्हणे ट्रकचे घाला. कंडक्टर म्हणे एस.टी.चे घाला. एकाने तर ट्रॅक्टरचं मोठं चाक सुचवलं. म्हटलं, गड्या, मग बैलच जुंपतो की!

 हवालदार मात्र मला घेऊन सांगलीला टायरच्या दुकानात गेले. खिशातून सुतळी काढली आणि एकेका टायरला गुंडाळून गाठी मारत बसले. तासभर हेच. घेतलं काहीच नाही. दुकानदार बाबूभाई वैतागून म्हणाले, "हवालदार, टायर बघताय का टायरला सदरा शिवताय?"

जतला आल्यावर बैलगाडीच्या चाकावर बसवतात ती लोखंडी धाव त्यांनी मोडीतून काढली, सुतळीच्या गाठींप्रमाणे तिची कडी वळवली, टायरच्या जागी धरली आणि मला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावलं. सर्वांत मोठी कडी मडगार्डला अडली. तिच्याहून लहान साडेसात-सोळाची, म्हणजे साडेसात इंच रुंद आणि सोळा इंची रिमवर बसणाऱ्या टायरची, कडी दोन बोटं राखून फिरली.

"दोन बोटं पायजेतच," ते म्हणाले. "खड्ड्यात गाडी खाली बसती, तवा चाक पत्रा फाडतंय."

माप ठरलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी मागणी लिहिली: साडेसात-सोळाचे पाच नग, चार चाकांना आणि एक जादा.

*

दोन आले! सोबत चिठ्ठी: 'प्रथम दोन वापरून पाहावेत.' मी विचारतो, माणसाला पायताणाचा एक जोड लागत असताना एकच पायताण शिवून देतात का? फोन केला तर साहेब म्हणाले, "पुढे मोठे लावा, मागे जुने राहू द्या."

हवालदारांनी हे ऐकून गॅरेजचं दार लावून घेतलं. आतून ओरडले, "चारी चाकं एकदम वढणारी गाडी हाय ही! पुढचं एक चालीनं आन मागचं दुसऱ्या चालीनं गेलं, तर गिअरबॉक्सचा भुगा हुईल! त्यो करायचा तर दुसरीकडं करा!"

उरलेले तीन टायर यायला सहा आठवडे लागले. तेवढ्यात बिराप्पा नावाच्या धनगराच्या निम्म्या मेंढ्या गेल्या. तो आजारी कोकरू खांद्यावर टाकून वीस मैल चालत दवाखान्यात आला, तेव्हा कोकरू मेलेलं होतं. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत, आणि यात हसण्यासारखं काही नाही.

*

टायर बसले आणि जीप ओढ्यातून निघाली. युक्ती एवढीच, की वाळूच्या अलीकडे चाकांतली निम्मी हवा सोडायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही.

पहिल्याच खेपेला वस्तीवर पोचलो. डॉक्टर लस टोचत होते, मी पेटी धरून मागे. टोचलेल्या मेंढीला गेरूचा ठिपका द्यायचा. दोन तासांनी परत आलो तर वस्तीतली चार पोरं घामाने निथळत जीपभोवती बसलेली.

"डायवर, तुमची चारीबी चाकं पंचर हुती! आमी आळीपाळीनं हवा मारली. सायकलच्या पंपानं!"

चाकं अशी टणक की बोट टेकलं तरी दुखावं! पण पोरांच्या डोळ्यांदेखत ती हवा सोडायला मन धजेना, आणि ओढ्यात पन्नास पावलांवर गाडी रुतली. मी तोंड उघडणार होतो, पण जीपला लटकून आलेली तीच पोरं हसतहसत ढकलायला धावली. त्यांच्यावर काय रागावणार?

*

राग सगळा सांगलीवर! चार महिन्यांनी तिथून खलिता आला: 'दप्तरी अंतर वीस मैल. जीपच्या नोंदवहीत दर खेपेला जाताना अठरा. सबब आपण वस्तीच्या दोन मैल अलीकडूनच परत येता. लस टोचल्याच्या नोंदी खोट्या समजून निलंबित का करू नये?'

मीटर दाखवील तो आकडा मीच प्रामाणिकपणे लिहीत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

साहेब चौकशीला आले. हवालदारांनी समजावलं, "सायेब, चाक मोठं झालं. एका फेऱ्यात जास्त वाट जातीया. मीटर फेरं मोजतो, वाट न्हाई."

"मीटर सरकारी आहे," साहेब म्हणाले. "तो खोटं बोलायचा नाही. चला, मीच येतो."

ते आमच्याच जीपमध्ये बसले. ओढा ओलांडला, चढण चढलो, वस्ती आली. मीटरवर अठरा. समोर चारशे मेंढ्या, प्रत्येकीच्या पाठीवर गेरूचा ठिपका. डॉक्टरांनी कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

साहेब एकदा मीटरकडे, एकदा मेंढ्यांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"सापडली चूक! डॉक्टर, तुमचं काही चुकलेलं नाही. दप्तरातलं अंतरच चुकलंय. आजपासून ही वस्ती अठरा मैल!" आणि तिथंच बॉनेटवर वही ठेवून त्यांनी तसं लिहिलं, खाली सही केली.

बिराप्पा शेजारीच काठी टेकून उभा होता. त्याने नीट ऐकून घेतलं आणि मुंडासं सारखं करत पुढे आला.

"आवं सायेब, दोन मैल कमी केलं, ते कुठलं? वड्यातलं काढलं असंल तर लय उपकार हुतील. तितं वाळूत पाय भाजत्यात."