वैद्यिणीच्या ताकदीतले दोन

आमचा वेल्डर कामात सावकाश होता. जोड घालण्याआधी पत्रा इतका घासायचा की मुकादम वैतागायचा. पण त्याचा जोड दुरुस्तीला परत आलेला मी पाहिला नाही.

सुट्टीच्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही एक खेळ खेळायचो. वेल्डर गोष्ट सांगायचा, बाकीचे तिच्यातली माणसं व्हायचे, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. नियमांचं जाड पुस्तक होतं. मी हमाल. बसड्रायव्हर चिलखतातला सरदार. वेल्डरची बायको म्हातारी वैद्यीण. म्हातारपण तिनेच मागून घेतलं होतं. जुन्या नियमात साठी ओलांडली की ताकद दोनाने कमी आणि शहाणपण दोनाने जास्त.

"शहाणी मी घरातही आहेच," ती म्हणायची. "इथे छापून आलंय, एवढंच."

ती आजारी पडली. आजार लांबला. शेवटी तिला कपसुद्धा धरवत नव्हता, वेल्डर पाजायचा. ती गेली आणि खेळ बंद पडला.

वर्षभराने वेल्डरची मुलगी त्याच खेळाची नवी आवृत्ती घेऊन आली. म्हणाली, "बाबा, आईची वैद्यीण आता मी खेळते. तिला यात आण."

वेल्डरने दोन्ही पुस्तकं शेजारी उघडली, पानांवर लोखंडी पट्ट्या ठेवल्या आणि एकेक नियम ताडून पाहू लागला. कामावरून आलं की हेच. जुन्या पुस्तकात दोर, कंदील, पाणी, सगळ्याचं वजन धरावं लागे. नव्यात ते जवळपास काढूनच टाकलं होतं.

"मग माझ्या हमालाला काम काय?" मी विचारलं.

"हिंड नुसता," वेल्डर म्हणाला.

"आमच्या नव्या गाड्या तशाच," बसड्रायव्हर म्हणाला. "गिअर गेले. डावा पाय झोपा काढतो."

मग वेल्डर वयाच्या नियमाशी आला. नव्या पुस्तकात वय लिहायला जागा होती, पण त्याने काहीच कमीजास्त होत नव्हतं. त्याने पानं पुढे-मागे करून खात्री केली. वैद्यिणीची ताकद तीन भरत होती. ती खोडून त्याने एक केली. शहाणपण दोनाने वाढवलं.

मुलीने कागद पाहिला. "असा नियम नाहीये यात."

"माहीत आहे."

"मग कशाला कापतोस? मला ती टिकायला हवीय, बाबा. खूप खेळायचंय तिला घेऊन."

"तीन ठेवले तर ती तुझ्या आईची नाही. मग दुसरी कोणी घे."

तिने एकवालीच घेतली.

काही रविवार बरे गेले. मग गोष्टीत दरीवरचा पूल तुटला. सरदार आणि वैद्यीण दोराला लोंबकळत राहिले. फाशात ताकद मिळवून पंधरा व्हायला हवे होते. मुलीने फासा टाकला. तेरा. अधिक एक, चौदा.

"चौदाला पंधरा म्हण की," बसड्रायव्हर म्हणाला. "गोष्ट तुझीच आहे."

"चौदा आहेत."

जुन्या नियमात दरीत पडली की संपलं. नव्यात मरताना आणखी तीन फासे मिळतात, एक जरी दहाच्या वर गेला तर जीव वाचतो. मुलीने ते टाकले. एकही गेला नाही.

"तीन असते तर दोर सुटलाच नसता," ती म्हणाली.

"हो."

"तुला काहीच वाटत नाही?"

वेल्डरने फासे गोळा केले. "तिला धरवत नव्हतं," तो म्हणाला. "मी कुठून आणू ताकद?"

मुलीने कोरा कागद ओढला. "आता कोण घेऊ?"

"कोणीही घे. सरदार लटकलाय, आधी त्याचं बघू."

बसड्रायव्हरने फासा टाकला. अठरा पडले. सरदार वर आला.